नवव्या होलचं खळं

सगळ्यात आधी कारध्याच्या मावशी. बाकीचं सगळं नंतर. त्या नसत्या तर मी त्या थंडीतच भंडारा रोड स्टेशनच्या बाकावर पत्र्याची ट्रंक मांडीवर घेऊन बसलो असतो. त्यांनी मला वाचवलं ते शेणाच्या पाटीनं आणि पाच शब्दांनी. आधी पाटी, मग शब्द, अशाच क्रमानं ते घडलं.

मी माणदेशातला. सातवीतून शाळा सोडली, पुढं काही वर्षं मेंढरं राखली आणि बोलणी खाल्ली. विशीला टेकलो तेव्हा एका ट्रकवाल्या नातेवाइकानं मला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आणून सोडलं. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या बाजूला एका कारखान्याची वसाहत होती. तिथल्या साहेबलोकांच्या क्लबात मैदान राखायचं रोजंदारीचं काम मिळालं. आणीबाणी उठून एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. निघताना वडील एस.टी.पर्यंत आले होते. म्हणाले, "जा. पण तुझी वाकळ काय मी गुंडाळत नाही. आठ दिवसांत येशील परत."

मी घाबरट आहे हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. कडी लावली की नाही हे बघायला अर्ध्या वाटेवरून माघारी येणारा माणूस मी. त्यामुळे परत न जाणं हे एकच काम मी त्या दिवसांत मन लावून करत होतो.

मैदान गोल्फचं होतं. मी असला खेळ कधी बघितला नव्हता. काठीनं चेंडू मारत मारत जायचं आणि शेवटी एका भोकात घालायचा, की तो होल संपला. लांबचे फटके सगळ्यांना आवडतात, कारण त्यांना आवाज असतो. पण खेळ ठरतो तो शेवटच्या चार हातांत. तिथं चेंडू हळूच ढकलायचा असतो, त्याला पटिंग म्हणतात. मोठ्या शहरांत पटिंगच्या जागी मऊ हिरवळ असते म्हणे. आमच्याकडचं ऊन असं, की हिरवळ जगवायची तर वैनगंगा उचलून आणून ओतावी लागली असती. म्हणून आमच्याकडे होते 'ब्राऊन'. म्हणजे चाळलेली वाळू, त्यात गाड्यांचं जळकं तेल, चोपून चोपून केलेलं गोल अंगण, मधोमध भोक आणि भोकात झेंड्याची काठी. असे नऊ. एकेकाचं पटिंग झालं की पायांचे ठसे मोडायला मी मागं गोणपाट ओढत फिरायचो.

क्लबचा कारभार बघणारे साहेब पुण्याकडचे. अंगानं दणकट. त्यांनी लांबचा फटका मारला की बोडीतले, म्हणजे शेजारच्या तळ्यातले, बगळे उठायचे. पण हातभर अंतरावरून चेंडू भोकात घालायचा म्हटलं की त्याच मनगटाला कापरं भरायचं. आदल्या वर्षी नागपूरच्या पाहुण्यांबरोबरचा सामना नवव्या होलवर गेला, ऐन क्लबच्या व्हरांड्यासमोर आणि याच हातभर अंतरावर. व्हरांड्यात साहेबांच्या बाई बसल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. साहेब नंतर म्हणायचे, "बोलली असती तर बरं झालं असतं रे."

तेव्हापासून साहेबांनी पटिंग सुधारायचंच असं मनावर घेतलं. बंगल्यातल्या गालिच्यावर स्टीलचा पेला आडवा ठेवून ते त्यात चेंडू ढकलत बसायचे. चेंडू मारताना डोकं हलता कामा नये असं त्यांच्या पुस्तकात होतं. आता आपलं डोकं आपल्याला दिसत नाही. म्हणून ते बघायची नेमणूक माझी.

"हाललं का?"

"जरासं, साहेब."

"जरासं म्हणजे?"

"म्हणजे... नाही हाललं, साहेब."

"मग चेंडू कुठं गेला?"

"चेंडू हालला, साहेब."

कारध्याच्या मावशी हे सगळं चहाचा ट्रे हातात धरून बघायच्या. क्लबची झाडलोट आणि चहापाणी त्यांच्याकडे. कारधा गावी घर आणि धानाची शेती. सकाळच्या एस.टी.नं यायच्या आणि साहेब असो, माळी असो की कुत्रं असो, सगळ्यांशी एकाच आवाजात बोलायच्या. मी भात खाऊन उपाशी राहतो हे त्या परमुलखात फक्त त्यांच्या लक्षात आलं. "भातानं पोट भरत नाई मनते! कोन्या गावचा जीव आनला बाप्पा," असं म्हणत त्या माझ्यासाठी पदराआड ज्वारीची भाकर आणायच्या.

एकदा पेल्याभोवती चेंडूंचा पसारा बघून त्यांना राहवलं नाही. "साहेब, एवढ्या मोठ्या मैदानात भोक एवढुसंच काहून केलं? आनि मंग रडत बसता. सुपाएवढं करा ना!"

"मावशी, त्याला नियम असतो."

"कोनाचा?"

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "इंग्रजांचा."

"थे तं गेले ना बाप्पा!"

दुपारी मैदानात कुणी नसलं की मी एका वाकड्या, टाकून दिलेल्या काठीनं पटिंग करून बघायचो. चेंडू भोकात असा जायचा, जणू त्याचं घरच ते. पण मावशी चिंचेखाली उभ्या राहून बघायला लागल्या की तोच चेंडू भोकाला वळसा घालून पुढं. साहेबांचा आजार मला तेव्हाच कळला, कारण तो माझाच होता. डोक्याबिक्याचं काही नव्हतं. भीती होती. पण रोजंदारीच्या माणसानं कारखान्याच्या साहेबाला 'तुम्ही भिता' हे कोणत्या तोंडानं सांगावं?

एकदा मावशी म्हणाल्याही, "मले बी मारू दे ना गा एक बार." मी आधी बंगल्याकडं बघितलं. म्हटलं, "उद्या, मावशी."

नागपूरकरांबरोबरच्या यंदाच्या सामन्याचा आठवडा आला आणि तेल आलं नाही. गाड्यांच्या शेडमध्ये मागायला गेलो तर तिथला मिस्त्री म्हणाला, "धान घरी येऊन राहिलं. बंड्यांच्या चाकाले वंगन नोको काय? या महिन्यात तेल बंड्यायचं. तुमच्या गोट्या खेळाले मंग पाहू." बंड्या म्हणजे तिकडच्या बैलगाड्या. बाकीचे आठ ब्राऊन कसेबसे चालले असते. नववा मात्र दिवसभर उन्हात तापायचा. त्याची वाळू सुटली होती, चेंडू टाकला की रुतून बसायचा. साहेब तो बघून गेले. जाताना म्हणाले, "या वेळी हा नीट नसला, तर तू गावाकडची गाडी धर. मी हसून सांगतोय, पण सांगतोय."

मी त्या वाळूत फतकल मारून बसलो. डोळ्यांपुढं माणदेशातली न गुंडाळलेली वाकळ. मावशी झाडू घेऊन आल्या.

"काय झालं गा? कोनी मेलं काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ब्राऊनभोवती एक चक्कर मारली. मग झेंड्याची काठी हलवून बघितली.

"अगा, हे तं खळं होय."

"मावशी, हा नववा होल आहे."

"गोल आहे ना? मंदात मेढ आहे ना? खळं नाई तं काय! आमच्या घरी धानाची चुरनी चालू आहे, कालच खळं सारवलं. शेन आहे, माती आहे. याच्यात भेवाचं काय?"

धान मळायचं खळं मी बघितलं होतं. गोल, गुळगुळीत, मधोमध मेढ, तिच्याभोवती बैल फिरतात. मावशी बोलल्या आणि त्यानंतर तो ब्राऊन मला दुसरं काही दिसेचना. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी शेणाची पाटी घेऊनच आल्या आणि आम्ही कामाला लागलो. पाणी मी घातलं, माती मी कालवली, सारवलं त्यांनी. त्यांचा हात असा फिरत होता की बघताना माझी भीतीसुद्धा थोडा वेळ खाली बसली. ओलं होतं तोवर तो हिरवा दिसत होता. आमच्या क्लबातली पहिली हिरवळ! दुपारपर्यंत वाळला. चेंडू सोडून बघितला, तर पाटावरून गोटी जावी तसा सरळ गेला. नशिबानं साहेब त्या दिवशी पाहुण्यांच्या तयारीत अडकले होते. ते फिरकलेच नाहीत.

सामन्याच्या सकाळी मी येऊन बघतो तर भोकाभोवती रांगोळी. झेंड्याच्या काठीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

"मावशी! हे काय केलंत?"

"मंग? सारवलं आनि रांगोळी नाई काढली, तं कसं दिसन?"

पुसायला मी फडकं उचललं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी फडकं खिशात घातलं.

बाकीच्या जोड्यांचे निकाल नवव्या होलच्या आधीच लागले, आणि दुपारी सामना आमच्या साहेबांच्या आणि नागपूरच्या कप्तानाच्या जोडीवर येऊन ठेपला. दोघं बरोबरीत, आणि उरला फक्त नववा होल. व्हरांड्यात बाई. दोघं पटिंगला चालत आले. साहेब एकदम थांबले.

"हे काय आहे?"

प्रश्न मला होता. "शेण, साहेब."

"शेण? कुणी तुला सांगितलं? उद्यापासून तू..."

तेवढ्यात मावशी झाडूसकट मध्ये आल्या. "म्या सारवलं. त्याले काहून बोलता? तेल नाई आलं, तं त्यानं आपलं रगत ओतावं काय? काढाचं असन तं मले काढा!" आणि त्याच दमात, साहेबांचा पाय पुढं पडायच्या आत, "आनि आधी जोडे काढा. खळ्यात जोडे घालून येते काय कोनी?"

'काढाचं असन तं मले काढा.' हेच ते शब्द. असं माझ्यासाठी तोवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचीही नोकरी कच्चीच होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

नागपूरचे कप्तान वयस्कर, मिशा पांढऱ्या. त्यांनी काठीवरचं झेंडूचं फूल बघितलं.

"बाई, तुम्ही कोण्या गावच्या?"

"कारध्याची."

"मी लाखांदूरकडचा," ते म्हणाले, आणि सरळ खाली बसून नाड्या सोडायला लागले. "आमच्या मायनं मले खळ्यात जोड्यानं पाह्यलं असतं ना, तं त्याच जोड्यानं हानलं असतं."

पाहुणाच जोडे काढतो म्हटल्यावर साहेबांचा इलाज चालेना. त्यांनी चरफडत जोडे काढले. डाव्या पायातल्या मोज्यातून अंगठा अख्खा बाहेर आलेला. साहेबांनी तो बघितला, कप्तानांनी बघितला, व्हरांड्यातून बाईंनी बघितला आणि त्या खळखळून हसल्या. आदल्या वर्षीपासून अडकलेलं हसू असावं ते.

कप्तानांचं पटिंग आधी. पायाखालचा गारवा त्यांना इतका गोड लागला असावा, की चेंडूकडं त्यांचं ध्यानच नव्हतं. चेंडू भोक ओलांडून पुढं गेला, आणि परत आणण्यात त्यांचा एक फटका वाया गेला. आता साहेबांचा. अंतर तेच, हातभर.

एरवी साहेब आधी उकिडवे बसायचे, एक डोळा मिटायचे, काठी लोंबकळवून उतार मापायचे, हवेत खोटे फटके मारायचे. तोवर भीतीला येऊन बसायला भरपूर वेळ मिळायचा. आज त्यांना एकच घाई होती, जोड्यात परत जायची. उजवा पाय डाव्या अंगठ्यावर ठेवून झाकायचा एक प्रयत्न केला, तर तोल जायला लागला. मग चिडून पाय घट्ट रोवले आणि चेंडूला टिचकी दिली.

चेंडू रांगोळी ओलांडून गेला. टक्.

सामना जिंकून देणारा तो चेंडू बाहेर काढला, तेव्हा त्याचं पोट रांगोळीनं पांढरं झालेलं होतं. साहेब तो हातात धरून माझ्याकडं वळले. "डोकं हाललं का?"

"माहीत नाही, साहेब. मी अंगठ्याकडं बघत होतो."

"मीसुद्धा," साहेब म्हणाले.

मग जोडे घालता घालता आवाज चढवून म्हणाले, "उद्या हे सगळं शेण निघालं पाहिजे!" मावशींना राग आला. "काढाचं होतं तं सारवू कायले देल्लं?" मला मात्र त्या वाक्यात फक्त 'उद्या' ऐकू आलं. उद्या शेण काढायला कुणीतरी लागणार होतं, आणि तो मी होतो. तेलकट वाळूवरचे ते पोपडे मी पुढं कितीतरी दिवस खरवडत होतो, आणि इतक्या आनंदानं मी दुसरं कुठलंच काम केलेलं नाही.

साहेबांनी त्यानंतर अनवाणी पटिंगचा नेम धरला. काही दिवस छान चाललं. मग भीतीला नवा पत्ता सापडला आणि मनगट पुन्हा कापायला लागलं. मग साहेब मुद्दाम फाटके मोजे घालायचे. आता मी म्हातारा झालोय आणि या मैदानावरची नवी पोरं पटिंग कसं सुधारायचं ते मला विचारतात. मी सांगतो, जोडे काढा, तळपायांना उतार कळतो. फार मापत बसू नका. आणि भीतीला दुसरं काहीतरी काम लावून द्या, ती रिकामी बसली की हात धरते. हे ऐकून काहींचं सुधारतं. माझं स्वतःचं, कुणी बघत असलं, तर अजूनही चुकतं.

पुढच्या उन्हाळ्यात गावी गेलो. अंथरायला वाकळ मागितली. वडील म्हणाले, "शेळीला दिली. थंडीत तिला पिल्लं झाली." त्यांनी मला याहून मोठी शाबासकी कधी दिली नाही.

मावशी आता कारध्यालाच असतात. गुडघे धरलेत, पण आवाज तसाच आहे. गेलो की आधी विचारतात, "भाकर भेटते काय गा?" पटिंगचा विषय त्या काढत नाहीत. मला मात्र 'उद्या, मावशी' हे माझं बोलणं दर वेळी आठवतं.

तो उद्या मी आणणार आहे. एकदा काठी आणि चेंडू घेऊन कारध्याला जाईन. त्यांचं अंगण मी स्वतः सारवेन, मावशी पाटावर बसून नावं ठेवतील तरी सारवेन. रांगोळी त्यांनी काढावी. मधोमध भोक करीन, चांगलं सुपाएवढं, इंग्रजांचा नियम काही म्हणो. मग जोडे काढून मेढ धरून बाजूला उभा राहीन आणि काठी त्यांच्या हातात देईन. आणि मारताना मावशींचं डोकं हाललं, तरी सांगणार नाही.