गाण्याआधीची बोंब

धाकटा भाऊ गेल्यावर त्याच्या वहीत एक गाणं सापडलं. तीनच कॉर्ड, मी त्याला लिहून दिलेले शब्द आणि वर त्याच्या अक्षरात सूचना: ‘आधी शिमग्यासारखी बोंब. मग ड्रम.’

त्याच्या दोन मित्रांनी ते रेकॉर्ड करायचं ठरवलं. स्टुडिओ नको, कारण तिथे गाणं इस्त्री करून देतात असं तो म्हणायचा. म्हणून रविवारी दुपारी आमच्या लालबागच्या खोलीतच खिडकीला गाद्या टेकवल्या आणि कपडे वाळत घालायच्या दांडीला माईक टांगला. ड्रमवाला सोमवारी नोकरीसाठी बंगळुरूला चालला होता. आज झालं तर झालं.

शब्द माझे, म्हणून गायचं मी. मी ग्रंथालयात काम करतो; दिवसभर लोकांना गप्प बसवतो. तोंडावर हात धरून बोंब मारायला गेलो, तर कसाबसा एक ‘ओ’ निघाला.

“दादा, दूधवाल्याला हाक मारताय काय?” गिटारवाला म्हणाला.

पाच वेळा तसंच झालं. ड्रमवाला घड्याळाकडे बघायला लागला. ओट्यापाशी आई तांदूळ निवडत होती. या वर्षी आमच्याकडे शिमगा झाला नव्हता. तिने सूप खाली ठेवलं.

“बाजूक हो.”

गावच्या होळीत बोंब पुरुषांनी मारायची. आईने उलटा हात तोंडावर धरला आणि अशी बोंब ठोकली की ड्रमवाला दचकून सुरूच झाला. मीही. माझा आवाज फाटला, पण थांबला नाही.

दुसऱ्या कडव्यात दार धाडकन उघडलं. शेजारच्या काकू, हातात लाटणं.

“अगं, काय झालं?”

दुखवट्याच्या घरातून बोंब आल्यावर कोणीही धावणारच. आम्ही कोणाला सांगितलंच नव्हतं.

“काय नाय,” आई माईकसमोरच म्हणाली. “माझ्या धाकल्या झिलाचा गाणा चालू हा. गप बस.”

गिटार थांबली नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं.

मग सगळ्यांनी मिळून ऐकलं. काकूंचा आवाज माझ्यापेक्षा स्वच्छ आला होता.

“दादा, तेवढं कापू?” ड्रमवाल्याने विचारलं.

“कापू नको,” आई म्हणाली. “तो असतो तर तेणा ठेवला असता.”

काकूंनी पुन्हा लावायला सांगितलं. ऐकून म्हणाल्या, “आधी बोलायचं ना. जरा बरी साडी नेसून आले असते.”

आईने हसू दाबायला तोच उलटा हात तोंडावर धरला. काही उपयोग झाला नाही.