माईक हातात घेण्याआधी

नांद्याच्या कैलास रानवड्याचा आवाज मुळशी तालुक्यात सगळ्यांच्या ओळखीचा. लग्नघटका टळून गेलेली, वरात अजून रस्त्यात नाचतेय, अशा वेळी दीड-दोन हजार माणूस खुर्चीवर बसवून ठेवायचं काम त्याचं. कुठला माजी सरपंच कुठल्या दारानं आत आला, हे तो बोलता बोलता टिपायचा आणि तिथल्या तिथं त्याचं नाव पुकारायचा. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात समालोचन तोच करायचा, यात्रेतला नारळाचा लिलावही तोच. वय बावन्न, अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

मात्र देणगी हा शब्द ऐकला की कैलासच्या कपाळाला आठी पडायची. अकरा वर्षांपूर्वी गावच्या यात्रेत दोन माणसं आली होती. अंध मुलांचं वसतिगृह बांधायचंय म्हणाली. कागद होते, शिक्के होते, मुलांचे फोटो होते. कैलासनं माईकवरून असं आवाहन केलं की बायकांनी कनवटीच्या नोटा काढून दिल्या, चंद्राबाईनं तर दुधाचा पगार तसाच पाकिटासकट टाकला. पुढं कळलं, वसतिगृह कुठंच नव्हतं. तक्रार झाली, माणसं सापडली नाहीत. गावानं कैलासला एका शब्दानं बोल लावला नाही. तो बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला कित्येकदा वाटायचं. लोकांनी कागद बघून पैसे दिले नव्हते, त्याचा आवाज ऐकून दिले होते.

म्हणून डिसेंबरात सूसच्या सोसायटीतली सुलक्षणा मॅडम एका लग्नाच्या लॉनवर त्याला शोधत आली, तेव्हा त्यानं आधी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ती मूळची लातूरची, हिंजवडीत नोकरीला. हातात फाईल.

"कैलासदादा, आम्हाला धरणामागच्या वाड्यांसाठी रुग्णवाहिका घ्यायचीय. त्यासाठी जानेवारीत एक चॅरिटी गाला ठेवतोय. निवेदन तुम्ही करावं."

"गाला म्हंजे?"

"देणगीची संध्याकाळ. पाहुणे येतील, कार्यक्रम बघतील, जेवतील आणि देतील. अट एकच, कुणी कंटाळून मध्येच उठून जाता कामा नये."

फाईलमध्ये मिनिटामिनिटाचा हिशेब होता. साडेसहाला स्वागत. सत्कार नाहीत, शाल-श्रीफळ नाही, भाषण तीन मिनिटांच्या वर नाही. सात वाजता चार मिनिटांची फिल्म. ती संपल्या संपल्या देणगीचं आवाहन. जेवण त्यानंतर.

"उपाशी ठेवून मागायचं व्हय?"

"उपाशी नाही, स्टार्टर फिरत राहतील. पण पान वाढलं की माणूस जेवतो आणि गाडीकडे जातो. मग कुणाकडे मागायचं?"

हे कैलासला पटलं, आणि पटलं म्हणूनच आवडलं नाही. बाई लई तयारीची आहे. पुढं ती म्हणाली, "आणि पहिला आकडा मोठा येईल. तो आधीच ठरलेला आहे. एकदा वरून सुरुवात झाली की बाकीचेही हात सैल सोडतात."

"कुणाचा आकडा?"

"नाव आत्ता नाही सांगता येणार."

लिलावात आपलाच माणूस गर्दीत उभा करून खोटी बोली लावणारे कैलासनं कमी पाहिले नव्हते. त्यानं होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फिल्म बघू म्हणाला.

रविवारी तो सूसला तिच्या फ्लॅटवर गेला. फिल्म करणारा पियूष तिथंच लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्यावर धरणाचं पाणी, मग नागमोडी रस्ता, मग एक म्हातारी. खाली नाव आलं, सारजाबाई. ती सांगत होती की सुनेला कळा लागल्या, दवाखाना लांब, गाडी मिळेना. मग कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ गेला. "माझी सून गेली." आणि बासरी सुरू झाली. सुलक्षणानं डोळे टिपले.

कैलास म्हणाला, "तेवढं परत लावा."

पियूषनं लावलं. कैलासनं डोळे मिटून ऐकलं. मग तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. तीस वर्षं तो आवाजावर जगत होता. वाक्य संपताना माणसाचा आवाज खाली बसतो. म्हातारीचा आवाज बसला नव्हता, उभाच होता. तिला अजून बोलायचं होतं.

"हिच्या फुडं काय बोलली ती?"

"काही नाही," पियूष म्हणाला. "इमोशनल झाली होती."

त्यानंतर त्यानं लॅपटॉप जरा जास्तच लगबगीनं मिटला, असं कैलासला वाटलं. सुलक्षणा चहा आणायला उठली तेही त्याला खटकलं. घरी जाताना त्याच्या डोक्यात एकच चालू होतं. म्हातारीचं बोलणं मध्येच कापलंय, हे या बाईला माहीत आहे की नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं मोटरसायकल काढली. पौड मागं टाकलं, धरणाच्या कडेकडेनं पुढं गेला. डांबर संपलं, खडी लागली. वाडी सापडायला दुपार झाली. सारजाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. कैलासनं आपलं नाव-गाव सांगितलं, तर ती म्हणाली, "आवाजावरनं वळखलं. घाटात वरडता त्येच ना तुमी?"

तेवढ्यात एक तरणी बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"ही कोण?"

"सून माजी."

कैलासच्या हातातलं पाणी हातातच राहिलं. "दुसरी?"

"दुसरी कुठली? एकच पोरगा, एकच सून."

मग सगळं कळलं. सून गेली ती जीपमधून गेली होती. सारजाबाई म्हणाली होती, "माझी सून गेली जीपमधनं, आन् मी मागं ऱ्हायले." जीप कच्च्या रस्त्यात रुतली. बाळंतपण गाडीतच झालं. बाळ काही वेळच जगलं. सून वाचली, पण महिनाभर ती कुणाशी बोलली नव्हती.

"ती पोरं आली, त्यांनी लई विचारलं," सारजाबाई म्हणाली. "मी बी सांगितलं. पिच्चर काय आमाला कुणी दाखवला न्हाई."

सून दाराला टेकून ऐकत होती. कैलासनं ती फिल्म कशी कापलीय ते तिला सांगितलं. सांगू की नको असं क्षणभर झालं, पण सांगितलं. ती दारातून पुढं अंगणात आली. मग म्हणाली, "मला मारून पैसं मिळवायचं असतील तर नको तुमची गाडी. माझ्या बाळाचं सांगा ना. ते तर खरं हाय."

संध्याकाळी कैलास थेट सूसला. पियूषही आला होता. कैलासनं सगळं त्याच्या तोंडावर सांगितलं.

"खोटं कुठे आहे त्यात?" पियूष म्हणाला. "तिचेच शब्द आहेत. चार मिनिटांत बसवायचं होतं. लोकांना टच झालं पाहिजे."

कैलास त्याच्याकडे बघतच नव्हता. तो सुलक्षणाचा चेहरा निरखत होता. तिचा रंग उडाला होता. पण मुद्दाम रंग उडवून दाखवणारी माणसंही त्यानं पाहिली होती.

"तुमाला ठावं होतं का न्हाई?"

"मी त्या वाडीवर गेलेलेच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "खुर्च्या, स्टार्टर, वेळापत्रक, सगळं केलं. तिथं जायचं तेवढं राहिलं."

हे उत्तर काही तिच्या बाजूचं नव्हतं. कैलासला वाटलं, खोटं बोलायचं असतं तर हिनं बरं काहीतरी शोधलं असतं. तरी तो सोडेना. "आन् पहिला आकडा कुणाचा?"

"हैबतराव."

कैलास हसलाच. हिंजवडीकडची जमीन विकून बसलेले हैबतराव. यात्रेत सगळ्यांत चढी बोली लावून नारळ घ्यायचे आणि पैसे द्यायला दोन वर्षं लावायचे. तो तसाच उठून त्यांच्या बंगल्यावर गेला.

"हैबतआबा, खरंच देनार का नुस्ता हात वर करनार?"

म्हातारा भडकला. "आरं, चेक कवाच दिलाय! वटला बी. तुला संशय घ्यायला मीच घावलो का?" मग आवाज उतरवून म्हणाला, "माजी थोरली भैन त्याच रस्त्यात गेली. चाळीस वर्सं झाली. त्या टायमाला माज्याकडं बैलगाडी बी नव्हती."

कैलासनं आबांचे पाय धरले. आबांनी ते मागं ओढून घेतले.

त्यानंतरच्या रविवारी सुलक्षणा स्वतः वाडीवर गेली, दिवसभर राहिली. फिल्म नव्यानं कापली गेली, या वेळी सारजाबाई आणि तिची सून बघून बरोबर म्हणाल्यावरच. पियूषनंच ती कापली, तोंड पाडून का होईना.

कार्यक्रमाच्या दिवशी नांद्याच्या लॉनवर तीनशे माणूस होतं. पुढं सोसायटीवाले, मागं गावकरी, आणि दोघंही एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघत होते. फिल्म संपली. बाळाचं सांगताना सारजाबाईचा आवाज शेवटी खाली बसला होता आणि बासरी काढून टाकलेली होती. फाईलप्रमाणे आता लगेच आवाहन करायचं होतं. कैलासनं माईक घेतला आणि फाईल बाजूला ठेवली.

"मंडळी, पहिला आकडा आधीच ठरलेला आहे. हैबतरावांनी तो दिलेला आहे, चेक वटलेला आहे. आत्ता हात वर करायला लावून मी तुमच्यापुढे नाटक करणार नाही." मग त्यानं अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. वसतिगृहाची, चंद्राबाईच्या पाकिटाची, आपल्या आवाजाची. "म्हणून माझ्यावर विश्वास ठेवून देऊ नका. आधी विचारा. मग द्या."

सुलक्षणानं डोक्याला हात लावला. फाईलमध्ये प्रश्नांना जागाच नव्हती.

मागून एकानं विचारलं, "गाडी रातच्याला कुटं उभी ऱ्हानार?" पुढच्या टेबलावरून एक बाई उठली, "डिझेलचा खर्च दुसऱ्या वर्षी कोण देणार?" कुणी विचारलं गाडी कुणाच्या नावावर, कुणी विचारलं ड्रायव्हर वाडीतलाच का नको. सुलक्षणा स्टेजवर आली. माहीत होतं ते सांगितलं, नव्हतं तिथं "माहीत नाही" म्हणाली. अर्धा तास गेला. पनीर गार झालं, पण उठून कुणी गेलं नाही. मग हात वर व्हायला लागले. ज्याला पैसे जमणार नव्हते तो टायर बोलला, गॅरेजवाला सर्व्हिसिंग बोलला. कैलास प्रत्येकाचं नाव गावासकट पुकारत गेला.

ठरवलेल्या रकमेला थोडं कमीच पडलं. उरलेलं मार्चपर्यंत गोळा झालं आणि गाडी वाडीच्या शाळेशेजारी उभी राहिली. ड्रायव्हर म्हणून वाडीतलाच विश्राम लागला.

कैलास दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिकडं जातो. गाडीचं मीटर बघतो, वही उघडून फेऱ्या मोजतो, डिझेलची टाकी ठोकून बघतो.

"दादा, माझ्यावर बी संशय व्हय?" विश्राम एकदा चिडून म्हणाला.

"व्हय," कैलास म्हणाला, आणि मागचं दार उघडून स्ट्रेचरचे पट्टे ओढून बघू लागला.