एकशे चौदा वेळा आमेर

प्रतिमा खरवंडीकरला किल्ल्यांचं वावडं होतं. हे ती कुणालाही सांगायची, अगदी किल्ल्यात उभी राहूनसुद्धा. ती मूळची नगरची आणि नगरचा किल्ला भुईकोट. चढायला नको, उतरायला नको, आणि लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे पाहुण्यांना ऊठसूट दाखवायलाही नको. किल्ला असावा तर असा, असं तिचं स्पष्ट मत होतं. पण तिचं लग्न विमा कंपनीतल्या विलासशी झालं, २००३ साली विलासची बदली जयपूरला झाली, तीन वर्षांसाठी म्हणून आलेलं बिऱ्हाड जवाहर नगरात कायमचं बसलं, आणि आमेरचा किल्ला तिच्या नशिबाला चिकटला.

महाराष्ट्रातल्या माणसाला दिवाळी झाली की राजस्थान आठवतं. आणि राजस्थान आठवलं की जयपूरला आपलं माणूस आहे हेही आठवतं. विलासचे आतेभाऊ, प्रतिमाच्या वर्गमैत्रिणी, शेजारच्यांचे जावई, एकदा तर विलासच्या साहेबांच्या दाताच्या डॉक्टरांचं कुटुंब, असे सगळे येत. पहिल्या दिवशी पोहे, दुसऱ्या दिवशी आमेर. किल्ल्याचं नाव निघालं की विलासचा गुडघा दुखायला लागे. हाच गुडघा रोज सकाळी सेंट्रल पार्कला पाच फेऱ्या मारून येई. पण पाहुण्यांसमोर नवऱ्याच्या गुडघ्याची उलटतपासणी घ्यायची नाही, एवढं वळण प्रतिमाला होतं. ती चपला बदलायची आणि निघायची.

पहिली काही वर्षं तिनं माहितीपत्रकातलं सगळं नीट सांगितलं. कुणी बांधला, कधी बांधला, दगड कुठला. ऐकणारे फोटो काढत असत. तिसाव्या-चाळिसाव्या खेपेला तिला स्वतःच्याच बोलण्याची झोप यायला लागली, आणि मग ती मनात येईल ते बोलू लागली. शीशमहालात पाहुणे माना वर करून म्हणत, एका मेणबत्तीत सगळा महाल उजळायचा म्हणे. प्रतिमा म्हणायची, उजळत असेल, पण मे महिन्यात इथे आंधी येते, तेव्हा एवढ्या आरशांवरची धूळ कोण पुसायचं? जयगढावरची ती अवाढव्य तोफ दाखवताना ती सांगायची की ही उडवली एकदाच, तीही चाचणी म्हणून, आमच्याकडे असाच एक फूड प्रोसेसर आहे. नाहरगढावर नऊ राण्यांसाठी बांधलेले नऊ एकसारखे महाल आहेत. ते बघून बायका हरखत. प्रतिमा म्हणायची, एकसारखे म्हणजे भांडण नाही असं ज्याला वाटलं तो राजा कधी हाउसिंग सोसायटीत राहिलेला नव्हता.

तिला काही माहीत नव्हतं असं मात्र नाही. उलट, फार माहीत होतं. पाहुणे फोटोत गुंतले की ती आमेरला झाडणाऱ्या बायकांशी गप्पा मारत बसे. मुलगी अनुया कॉलेजच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून देई. पाणी कुठून यायचं, सरपण कुठे रचायचं, बाळंतिणीची खोली कोणती असावी, असल्या गोष्टींचा तिला नाद लागला. किल्ला आवडत नव्हता, पण त्यातला संसार तिला डोळ्यांसमोर दिसायचा.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात तिच्या नणंदेचे यजमान वसंतराव आले. साताऱ्याचे निवृत्त मुख्याध्यापक. सह्याद्रीतले पावणेतीनशे गड चढलेले, गळ्यात शिट्टी, पायात ट्रेकिंगचे बूट, आणि बरोबर त्यांच्या गिर्यारोहण मंडळाचे दहा-बारा सभासद. आमेरच्या चौकात उभं राहून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि हा किल्ला नव्हेच असा निकाल दिला. जिथे जीप वरपर्यंत येते आणि वर आल्यावर लस्सी मिळते त्याला किल्ला म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं. प्रतिमाला हे ऐकून बरं वाटलं. तिला वाटलं, चला, आता लवकर घरी जाता येईल.

पण जनान्यात आल्यावर वसंतरावांना स्फूर्ती चढली. एका झरोक्यापाशी उभे राहून ते मंडळाला सांगू लागले की इथे राणी उभी राहायची, डोळ्यांत प्राण आणून विजयाच्या वार्तेची वाट बघायची, तिच्या मनात काय कालवाकालव होत असेल. मंडळातल्या दोघींचे डोळेही पाणावले. प्रतिमानं विचारलं, कोणती राणी? वसंतराव गडबडले. ती म्हणाली की इथे बारा जणींच्या खोल्या आहेत, म्हणून विचारलं, झरोक्याला पाळ्या लावल्या असतील तर तेही सांगा.

मंडळात खसखस पिकली. मग कुणीतरी विचारलं की राजा कुठल्या राणीकडे गेला हे बाकीच्यांना कळू नये म्हणून म्हणे मधे बोळ ठेवलाय, ते खरं का. प्रतिमा म्हणाली, बोळ आहे, पण न कळायला काय झालं? तुमच्या मजल्यावर कुणाकडे दूधवाला किती वाजता आला ते तुम्हाला दार न उघडता कळतं की नाही? आणि तिथून ती सुटलीच. बारा जणींच्या दासी, दासींची पोरं, कढया, राख, ओल्या ओढण्या वाळत घालायच्या जागा. ऐकायला परके लोकही थांबले. घोळक्याच्या मागे एक दाढीवाला तरुण भिंतीला टेकून हसत होता.

वसंतरावांचा चेहरा मात्र उतरला होता. बाहेर पडल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"वहिनी, इतिहासाची अशी थट्टा बरी नव्हे."

"थट्टा नाही करत, वसंतराव. लढाई कुणी जिंकली ते तुम्ही सांगितलंत. त्या रात्री भांडी कुणी घासली, एवढंच मी विचारतेय."

वसंतरावांनी शिट्टी वाजवून मंडळ गोळा केलं आणि तिच्याकडे न बघता ते उतार उतरू लागले.

तो दाढीवाला तरुण म्हणजे संकेत. मूळचा पुण्याचा, एका वेबमालिकेचा सहायक दिग्दर्शक. मालिकेत एक विधवा राणी सहा महिने किल्ला लढवते. दोन दिवसांनी तो मंडळातल्या एकाकडून घेतलेला पत्ता शोधत जवाहर नगरात आला, चिवड्याच्या दोन बशा संपवल्या आणि अडचण सांगितली. लेखकानं तलवारी भरपूर लिहिल्या होत्या. पण वेढा पडल्यावर आतली माणसं दिवसभर काय करतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. प्रतिमानं त्याच्याकडून सगळी कथा ऐकून घेतली आणि विचारलं की सहा महिन्यांत एकदाही कुणी दळत कसं नाही. संकेतनं ते वहीत लिहून घेतलं. जाताना त्यानं तिला सेटवरच बोलावलं.

विलासनं कपाळाला आठ्या घातल्या. जानेवारीत त्याच्या जुन्या सहकाऱ्याचं कुटुंब येणार होतं, त्यांना आमेर कोण दाखवणार? अनुया म्हणाली, "बाबा, तुम्ही दाखवा ना. मतलब, किल्ला तिथंच आहे, आईनं फक्त रस्ता पाठ केलाय." विलासनं गुडघ्याला हात लावला, पण त्या दिवशी कुणीच तिकडे लक्ष दिलं नाही.

शूटिंग शहराबाहेर तासाभरावरच्या एका गढीत होतं. निम्म्या गढीत हॉटेल, उरलेली निम्मी शूटिंगला भाड्यानं. प्रतिमा पोहोचली तेव्हा खऱ्या दगडी भिंतीवर थर्माकोलचे खोटे दगड चिकटवण्याचं काम चाललं होतं. खरी भिंत कॅमेऱ्यात किल्ल्यासारखी दिसत नव्हती म्हणे. राणीचं चिलखत रबराचं होतं आणि राणी त्यातून हात बाहेर काढून फोनवर बोलत होती. आसपासच्या गावांतल्या तीसेक बायका गर्दी म्हणून आणल्या होत्या. त्यांना एकच काम सांगितलं होतं, ओट्यावर बसायचं आणि रडायचं.

प्रतिमानं आधी त्यांचं रडणं थांबवलं. कुणाला धान्य निवडायला बसवलं, कुणाला फाटकी गोणपाटं शिवायला. दोघींना जात्यावर बसवलं, तर त्या तोंडावर ओढणी घेऊन हसू लागल्या. विचारल्यावर कळलं, सामानवाल्यांनी जात्याची खालची तळी वर आणि वरची खाली बसवली होती. मग त्याच बायकांनी जातं उचलून नीट लावलं, आणि दिग्दर्शक नावाचा तो बारीक, काळजीखोर माणूस पहिल्यांदा खुर्चीतून उठून बघायला आला.

तिसऱ्या दिवशी धुक्यामुळे मुंबईचं विमान आलं नाही आणि दाईचं काम करणारी नटी विमानतळावरच अडकली. वेळ दवडणं परवडणारं नव्हतं. संकेतनं प्रतिमाकडे पाहिलं, दिग्दर्शकानं संकेतकडे पाहिलं, आणि अर्ध्या तासात प्रतिमा घागरा-ओढणीत उभी होती. प्रसंग सोपा होता. राणी म्हणणार, आम्ही शेवटच्या श्वासापर्यंत लढू, आणि दाईनं अभिमानानं डोळे पुसायचे.

प्रतिमाला ते जमेना. राणीचं वाक्य आलं की तिला हसू फुटे, किंवा चेहरा असा होई की जणू राणीनं दूध उतू घालवलंय. सात वेळा झालं, आठ वेळा झालं. नवव्यांदा दिग्दर्शक जवळ आला आणि अगदी थकलेल्या आवाजात विचारू लागला की त्या बाईच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं. प्रतिमा म्हणाली, रडले नसते, कोठारात जाऊन बघून आले असते. त्यानं हातातला संवादांचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, तसंच करा. राणीला मात्र कुणी काही सांगितलं नाही.

पुन्हा कॅमेरा सुरू झाला. राणीनं मान उंच करून आपलं वाक्य म्हटलं. प्रतिमा तिच्याजवळ गेली आणि इतर बायकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, हलक्या आवाजात म्हणाली, "रानीसा, बाजरा नौ दिन का है।"

राणीचा चेहरा पडला. तिला पुढे काय बोलायचं ते माहीत नव्हतं, आणि ते दिसत होतं. ओट्यावर दळणाऱ्या दोघींचे हात आपोआप थांबले. त्यांना तर कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं. प्रतिमाची नजर समोरच्या मोठ्या दरवाजाकडे गेली. दरवाजाबाहेर चहाची गाडी आणि जनरेटर आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी एवढ्या वर्षांत किल्ल्यात उभं राहून तिला पहिल्यांदा भीती वाटली. नऊ दिवसांचा हिशेब खरोखर एखादीला ठाऊक असेल, आणि तो मनात ठेवून ती सगळ्यांना वाढत असेल, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. दिग्दर्शकानं "कट" म्हणायला बराच वेळ घेतला.

घरी आली तेव्हा विलास सोफ्यावर आडवा होता, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. या वेळी गुडघा खरंच सुजला होता. पाहुण्यांना तीन किल्ले एकाच दिवसात दाखवून, जनान्यात दोनदा वाट चुकून, आणि माहिती नसल्यामुळे शीशमहाल अकबरानं बांधला असं ठोकून देऊन तो परतला होता. खोटं पकडलं होतं पाहुण्यांच्या सातवीतल्या मुलीनं.

"तू हे किती वेळा केलंस गं?" त्यानं विचारलं.

"आमेर एकशे चौदा. जयगढ, नाहरगढ मोजले नाहीत."

मग त्यानं पिशवी उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

मालिका जूनमध्ये आली. प्रतिमाचा आवाज काढून टाकून कुणा दुसरीचा घातला होता आणि ओढणीमुळे चेहराही अर्धाच दिसत होता. वाक्य मात्र होतं. कॉलनीतल्या बायकांनी तिला ओळखलं ते चालीवरून. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून वसंतरावांचा फोन आला. त्यांनी ते दृश्य तीनदा पाहिलं होतं आणि मागच्या एका पोत्यात बटाटे दिसतात, ही त्या काळाला धरून नसलेली गोष्ट त्यांना निर्मात्यांच्या कानावर घालायची होती. प्रतिमानं संकेतचा नंबर दिला. फोन ठेवता ठेवता ते जरा घुटमळले. त्यांच्या मंडळाच्या वार्षिक अंकात गडावरच्या चुलीबद्दल ती चार पानं लिहील का, असं त्यांनी विचारलं. तिनं सहा लिहून पाठवली. त्यांनी एक ओळ कापली, तीही शुद्धलेखनासाठी.

ऑगस्टमध्ये, बाहेरगावचं कुणी फिरकत नाही अशा एका मंगळवारी, प्रतिमा एकटीच बसनं आमेरला गेली. झाडणाऱ्या बायकांना नवल वाटलं, आज मेहमान कुठे आहेत? नाहीत, ती म्हणाली. मग त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाईनं झाडू भिंतीला टेकवला आणि तिला उतारावरची ती जागा दाखवली, जिथून खालच्या मावठा तलावातलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवत असत. प्रतिमा तिथून शंभरावर वेळा गेली होती, पाहुण्यांना सावलीत उभं करण्यासाठी तिथे थांबलीही होती. ती वाकून खाली बघू लागली. एक टप्पा, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. दोघी तिथेच बसून हिशेब करू लागल्या, एवढं पाणी ओढायला किती बैल लागत असतील, आणि बैल असले तर त्यांचं शेण उचलायला कोण.

बारा वाजून गेले तेव्हा विलासचा फोन आला. डाळ-तांदूळ धुऊन लावलेत, कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या, असं तो विचारत होता. तीन, ती म्हणाली, आणि पुन्हा खाली वाकून बैलांची जागा शोधू लागली.