आईच्या सीटसमोरचा ब्लोअर

मित्रांनो, आज सकाळी घरीच गाडीच्या ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे वाऱ्याचा जोर कमी-जास्त करणारा भाग, बदलला. तो खराब झाला की ब्लोअर फक्त चार नंबरवर, पूर्ण जोरात चालतो.

वर्षभर आईला याच गाडीतून डायलिसिसला नेत होतो. थंडीत हीटर लावला की गरम वारं थेट तिच्या तोंडावर यायचं. "बंद कर बाबा, लई झोंबतंय," म्हणायची. बंद केला की शालीत कुडकुडायची. "रविवारी नक्की बदलतो, आई," असं मी दर वेळी म्हणायचो.

दीड महिन्यापूर्वी आई गेली.

आज क्रांती चौकातून पार्ट आणला. डॅशबोर्डच्या कप्प्याखाली वाकून दोन स्क्रू काढले, जुना रेझिस्टर काढून नवा बसवला. वीस मिनिटं लागली.

वडील येऊन आईच्या सीटवर बसले. मी ब्लोअर एक नंबरवर लावला. हळूहळू उबदार वारं आलं. त्यांनी त्यावर हात धरला.

"एवढंच काम होतं व्हय रे?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. "हो, वीस मिनिटांचं," मी म्हणालो.

तुमच्या घरी कुणी असं साधंसंच काही मागतंय का?