दारातला हौद

रंगुआजीला एकच डोळा. पण काष्टीत कुणाच्याही डोळ्यात कुसळ गेलं, की तो निघाला तिच्याच ओट्याकडे. ती पापणी उलटी करायची, जिभेचं टोक फिरवायची आणि कुसळ तळहातावर ठेवून म्हणायची, "हे बघ, यवढ्यासाठी रडत हुतास." बदल्यात काय, तर कपभर चहा. साखर कमी पडली तर कुरकुर वेगळी. लग्नानंतरच्या पहिल्या मळणीत मीही तिच्यापुढे बसले होते. किळस आली, खोटं कशाला बोलू? पण बाई गं, आराम काय पडला!

तिचा दुसरा डोळा लहानपणीच गेलेला, पांढराफटक. कसा गेला, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचे हे, छगनराव, कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतात. तंबाखू सोडा म्हणून मी तोंडाची वाफ दवडून थकले. गेल्या हंगामात एका दुपारी जेवण करून हे दारात बसले. चुन्याच्या पुडीचं तोंड सुकलेलं. माणसानं सुई मागावी की नाही? पण नाही. पुडी तोंडासमोर धरली आणि दाबली अंगठ्यांनी. फुटली की हो, आणि चुन्याची चिळकांडी थेट उजव्या डोळ्यात!

"मेलो, मेलो!" म्हणून हे लोळायला लागले. मी तांब्या घेऊन धावले, तर माझ्या सासूबाईंनी, मुक्ताबाईंनी, हातच धरला. "पानी नगं, जया! चुना पान्यानं उकळतो. डोळा शिजंल त्याचा." आता त्यांना खोटं तरी कसं म्हणावं? भिंतींना लावायला चुनकळी भिजवली की बादली रटरट उकळते, हे मीही पाहिलेलं. त्या तूप आणायला आत पळाल्या आणि मी भरला तांब्या घेऊन ठोंब्यासारखी उभी. डोळा गेला तर ट्रॅक्टर गेला, मग हे दिवसभर घरात बसून माझं डोकं खाणार. हसू नका. घाबरले की मला असलंच सुचतं.

तेवढ्यात शेजारचा गोरक्षनाथ रंगुआजीला घेऊन आला. आम्हाला वाटलं, आता जीभ फिरवली की झालं. आजी वाकली, बघितलं आणि सासूबाईंच्या हातातली तुपाची वाटी तिनं काढूनच घेतली.

"मुक्ते, तुपानं काय हुतं बघायचंय का?" तिनं आपल्या पांढऱ्या डोळ्याला बोट लावलं. "घराला चुना लावताना डोळ्यात उडाला हुता. पानी उकळंल म्हनून माझ्या आयनं तूप घातलं आन् वरनं फडकं बांधलं."

वाटी तिनं उंबऱ्यावर ठेवून दिली.

"पुडीतला चुना कवाच विझल्याला असतो, त्यो न्हाई उकळत. उचला ह्याला!"

जनावरांच्या हौदाच्या कडेला ह्यांना आडवं केलं. हौद भरायची नळी मी धरली, पाणी हळू सोडलं. चांगल्या डोळ्यात चुना जाऊ नये म्हणून आजीनं डोकं उजव्या अंगाला कलतं केलं आणि पापणी उलटी केली. आत चुन्याचा गोळा बसला होता. पाण्यानं तो निघाला, तरी आजी थांबेना. ह्यांनी तिला काय काय शिव्या दिल्या, त्या मला लिहिता यायच्या नाहीत. "दे, दे, आनखी दे. पन डोळा उघडा ठेव, लेका," म्हणायची. टेम्पो आला, तरी वाटेत मी कॅनमधलं पाणी ओततच होते.

श्रीगोंद्याच्या डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, पुन्हा धुतला आणि नगरला पाठवलं. "पाण्यानं वाचलात," म्हणाल्या. मी फुशारकीनं आजीच्या जिभेचं कौतुक सांगायला गेले, तर बाई कडाडल्या, "जीभ अजिबात नको! थुंकीनं बुबुळावरची जखम पिकते. कुसळ असो, उसाचं पातं लागलेलं असो, चोळायचं नाही, इकडे यायचं."

डोळा बरा व्हायला बरेच दिवस लागले. पण दिसू लागलं. सगळ्यात आधी ह्यांना काय दिसलं, तर माझं चिडलेलं तोंड. तंबाखू सुटली, हे मात्र देवाघरचं देणं.

आजीला भेटायला गेलो. जिभेचं कसं सांगावं, मला जड जात होतं. सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पन च्या बंद करू नका." मग ह्यांची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि आपल्या एका डोळ्यानं ह्यांचा डोळा कितीतरी वेळ न्याहाळला.

"आजी, पाण्याचं तुला कुणी सांगितलं गं?" मी विचारलं.

"मोतीबिंदूच्या कॅम्पात. ह्या पांढऱ्या डोळ्याचं काय हुईल का, म्हनून इचारलं, तर डाक्टर म्हनला, आजी, तवाच पान्यानं धुतला असता तर ऱ्हायला असता."

ह्यांची हनुवटी तिनं अजून सोडली नव्हती.

"आमच्या दारात बी हौद हुता गं, जया. काठोकाठ भरल्याला."