मारुतीच्या पाठीमागची उत्तर

१८ एप्रिल. आज हवामानाचं यंत्र बोलतं करायचं होतं. आमच्या खासगी धावपट्टीवर टॉवर नाही. वारा कुठून येतोय आणि किती जोरात, हे आजवर मीच ऑफिसातून रेडिओवर सांगत आले. आता खांबावरची उपकरणं ते मोजणार आणि एक रेकॉर्ड केलेला आवाज वैमानिकांना दिवसभर ऐकवणार. उद्या आमची एक विद्यार्थिनी पहिल्यांदा एकटीनं विमान नेणार होती. तीही हाच आवाज ऐकून उतरणार होती.

दुपारी यंत्र सुरू केलं. ते म्हणालं, वारा पश्चिमेचा. बाहेर पाहिलं तर पट्टीच्या कडेची वाऱ्यानं फुगणारी कापडी पिशवी वायव्येचा वारा दाखवत होती. आमची पट्टी सरळ पूर्व-पश्चिम. पश्चिमेचा वारा समोरून येतो, उतरायला सोपा. वायव्येचा तिरका, विमानाला बाजूला ढकलणारा. त्या पोरीला हा फरक चाकं टेकताना कळला असता.

यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर सोलापूरच्या वाटेला लागला होता. फोनवर म्हणाला, "मॅडम, यंत्र नवीन आहे. वारा वळला असेल."

"वारा नाही, तुमचा खांब वळलाय."

खांब उभा करणारा तामलवाडीचा मिस्त्री अजून टेम्पोत शिडी बांधत होता. त्याला विचारलं, वरच्या उपकरणाची उत्तरेची खूण कशावरून लावली?

"मारुतीवरून की, ताई. साहेब गाडीत एसी लावून बसलेले, म्हणले उत्तर बघून घे. मारुती म्हंजी दक्षिणमुखी. त्याच्या पाठीमागं उत्तर. त्यात काय चुकलं?"

चुकलं हे, की आमच्या फाट्यावरचा मारुती नैर्ऋत्येला बघतो. त्याच्या पाठीमागं ईशान्य. रस्ता रुंद केला तेव्हा देऊळ मागं सरकवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दर्शन व्हावं म्हणून तोंड रस्त्याकडं केलं.

"असं व्हय! मग देवालाच विचारा, उगं कशाला फिरला."

मला हसू आलं नाही. मिस्त्रीवर राग नव्हता. राग त्या गाडीत बसलेल्यावर होता. अख्खी धावपट्टी पूर्व-पश्चिम पसरलेली, टोकांना दिशेचे आकडे माणसाएवढे रंगवलेले, आणि हा शिकलेला माणूस काच खाली करून एकदा बघतही नाही.

पट्टीच्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, यंत्र चालू झालं म्हणून मी सगळ्यांना कळवून बसलोय. राहू द्या चालू. तुम्ही पोरीला तोंडी सांगा की थोडा फरक आहे."

"थोडा? साहेब, तुमची मुलगी असती तर पाठवली असती?"

ते म्हणाले, "तुमचं लई कडक असतं."

"व्हय, असतं," मी म्हणाले, यंत्राचा स्विच पाडला, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

१९ एप्रिल. सकाळी मिस्त्रीला परत बोलावलं. विद्यार्थिनी गणवेश घालून हजर होती. तिला म्हटलं, आज उड्डाण नाही, मी खांबाच्या कामात, रेडिओवर कुणी नाही. तिचं तोंड उतरलं, डोळे भरले. समजूत काढत बसायला वेळ नव्हता. पट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेघेवर उभी राहिले आणि खांबावर चढलेल्या मिस्त्रीला ओरडून सांगू लागले, "डावीकडं. अजून डावीकडं. अजून."