व्याह्यांचं नारिंगी कापड

आमच्या व्याह्यांइतका वर बघत चालणारा आणि खाली ठेचकाळणारा माणूस उभ्या बदलापुरात दुसरा नव्हता. विमानाचा आवाज आला की जेवण असो, दाढी असो, अर्धवट टाकून अंगणात. माझ्या लेकीचे सासरे, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. मी उल्हासनगरहून बदलापुरातल्या कात्रपला त्यांच्या घरी गेले की दारातच "जयभीम, विहीणबाई," आणि पुढच्या श्वासाला लढाई. मी चौथी शिकलेली, सारा जन्म जीन्स शिवण्यात गेला. मला त्यातलं काय कळणार? पण त्यांना ऐकणारं माणूस लागायचं, कळणारं नाही.

लढाई ताटात मांडायचे. भात म्हणजे डोंगर, वाटाणे म्हणजे शत्रू, शेंगदाणे म्हणजे आपण. "बघा, मध्ये दोन बोटांचं अंतर. आता मदतीला विमान बोलावलं. त्यानं वाटाणाच मारायचा, शेंगदाणा नाही. वरून ओळखणार कसं?" उत्तरही आपणच द्यायचे. जवान जमिनीवर नारिंगी कापड पसरतात, ते बघून वैमानिकाला कळतं की आपली माणसं इथं आहेत. एकदा ऐकता ऐकता मी दोन शेंगदाणे तोंडात टाकले, तर असे ओरडले, "विहीणबाई, अख्खी चौकी खाल्लीत आपली!" लेक हातातलं पीठ घेऊन बाहेर धावली.

त्यांची एक गोष्ट ठरलेली. एका डोंगरावर कापड पसरायचं काम त्यांच्याकडे होतं. वाऱ्यानं ते अर्धं दुमडलं. विमान आलं, पण वैमानिकाला शंका आली. त्यानं बॉम्ब टाकला नाही. आणखी खाली येऊन एक घिरटी जास्त घातली, यांना नीट बघितलं आणि मग पलीकडे टाकला. "म्हणून विमानात माणूस पाहिजे. यंत्राला शंका येत नाही." हे मी पन्नासदा ऐकलं असेल.

आणि नेमकी आमची दोघांची नात, प्रज्ञा, इंजिनिअर झाली आणि तिला बंगळूरला नोकरी लागली ती बिनमाणसाची विमानं बनवायची. चालवणारा लांब खाली बसणार, पडद्यावर बघणार. व्याही म्हणाले, "जायचं नाही." दोघांचं बोलणं बंद. पोरगी मला म्हणाली, "आजी, सोमवारी हो की नाही ते कळवायचंय." मी म्हटलं, "मग कळव की हो. म्हाताऱ्याचं काय ऐकतेस?" ती म्हणाली, "त्यांना दुखवून नाही जाणार." शेवटी व्याह्यांनीच तोडगा काढला. तिनं कॉलेजात एक छोटं, कॅमेरा लावलेलं विमान केलं होतं. "वांगणीच्या माळावर मी कापड पसरतो. तुझ्या यंत्रानं मला ओळखलं तर जा."

कापड मीच शिवलं, चारी कडांना दुहेरी टीप मारून. रविवारी प्रज्ञा टेकाडाच्या पलीकडे लॅपटॉप घेऊन बसली. अलीकडे व्याही, पासष्टीचे, कापड पसरून त्याच्या मागे गवतात पालथे पडलेले. मी शेजारी उभी. बघते तर कापडाचं एक टोक ताज्या शेणावर. नवं कोरं कापड, माझ्या हातची शिलाई! मी वाकून ते निम्मं दुमडून घेतलं. एवढ्यात विमान भुणभुणत आलं, डोक्यावरून गेलं, वळलं, आणखी खाली आलं. एक घिरटी, मग दुसरी. व्याह्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. आवाज मलाही ऐकू आला. "आजोबा, कापड अर्धंच दिसतंय. तुम्ही बरे आहात ना?"

व्याही उठून बसले. मला वाटलं, आता मला शेणावरून बोलतील. तर म्हणाले, "विहीणबाई, तो वैमानिक परत गेला नाही. त्या जास्तीच्या घिरटीतच त्याला गोळी लागली. मी कापडावर चार दगड ठेवले असते, तर त्याला खाली यावं लागलं नसतं." इतक्या वर्षांत हे कधी सांगितलं नव्हतं. नात धापा टाकत आली, तेव्हा एवढंच म्हणाले, "जा. पण शंका आली की घिरटी घालायची. कंटाळा करायचा नाही."

परतताना मी विचारलं, "मग कुठलं बरं म्हणायचं? माणसाचं की बिनमाणसाचं?"

"माणूस होता म्हणून आम्ही वाचलो. माणूस होता म्हणून तो गेला. मलाच कळत नाही, तुम्हाला काय सांगू?"

पुढच्याच वर्षी व्याही गेले. प्रज्ञा बंगळूरला आहे. फोन करते, कामाचं सांगते, मला अजून ओ की ठो कळत नाही. कापड माझ्याकडे आहे. गच्चीत त्यावर मिरच्या वाळत घालते आणि वारा असो नसो, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवते. परवा दगड ठेवून उतरत होते, तेवढ्यात विमानाचा आवाज आला. वर बघितलं आणि ठेचकाळले.